सुतक नसलेल्यांचा कडू घास

देहाला प्राण देणारा आणि वेळ भरताच तो परत मागून घेणारा जो एक, त्या परमेश्वराच्या चरणी मस्तक ठेवून हा लेख लिहावयास घेत आहे. निमित्त आहे आमच्या वणीच्या युसुफभाईंच्या निधनाचे. सरकारी दवाखान्याच्या रुग्णवाहिकेचे ते चालक होते. त्यांना जाऊन काही आठवडे लोटले. इतके दिवस लेखणी उचलवत नव्हती. कारण त्यांच्याविषयी लिहायचे तर त्यांच्या गाडीवरच्या मदतनीसाविषयी, विलासविषयीही लिहावे लागणार होते, आणि विलासचे पुढे काय होणार हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या दिवशी सकाळी मी रामाच्या देवळात पूजेपूर्वी गंध उगाळत बसलो होतो. कुंदाताई पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. त्या आमच्या शेजारी, दवाखान्यात परिचारिका. चपला न काढता त्या कधी आवारात पाऊल टाकत नाहीत. त्या दिवशी चपलांसह आत आल्या आणि त्यांना त्याचे भानही नव्हते. "महाराज, युसुफभाऊ गेले," एवढेच म्हणाल्या. छातीत कळ आली, घरच्यांनी गाडी बोलावली, पण दवाखान्यापर्यंत पोहोचले नाहीत. मी सहाणेवरचा हात उचलला. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "अन् गाडीवर विलासच होता. त्याच्याच हातात गेले…" देवाच्या दारात बसून खोटे बोलणार नाही. युसुफभाईंसाठी डोळे भरून यायच्या आधी माझ्या मनात भीती उभी राहिली ती विलासची. एकदा तो माणसांतून उठता उठता राहिला होता. ज्या हातांनी त्याला तेव्हा धरून ठेवले, तेच हात आज त्याच्या हातात थंड झाले होते.

युसुफभाईंची आणि माझी ओळख दुःखातच झाली. त्यांचे घराणे मिस्त्रींचे. वडील-चुलते सारे ट्रकांच्या इंजिनांत वाढलेले, आणि आमच्या गावात कोळशाचे ट्रक इतके की त्या घराला कामाची वाण कधी पडली नाही. युसुफभाई मात्र रुग्णवाहिकेवर गेले. माझ्या पत्नीला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा चंद्रपूरच्या वाटेवर त्यांचीच गाडी होती. पत्नी वाटेतच गेली. गाडी परत फिरवून त्यांनी आम्हाला घरी आणले, उतरवून घ्यायला हात लावला, आणि मग ते गेलेच नाहीत. अंत्यसंस्कार आटोपून आम्ही परतलो तरी ते अंगणाच्या कडेला, भिंतीला पाठ टेकून बसलेले होते. आमच्याकडे रीत अशी की मृत्यू झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी आणतात आणि घरच्यांना आग्रहाने दोन घास खायला लावतात. त्यालाच कडू घास म्हणतात. आमच्याकडे तो कुंदाताईंनी आणला. आम्हाला वाढून झाल्यावर त्यांनी एका पानावर भाकरी ठेवली आणि अंगणात जाऊन युसुफभाईंच्या पुढे धरली. ते दचकले. "मी कायले, ताई? मी काही घरचा नाही." कुंदाताई म्हणाल्या, "जीव तं तुमच्या गाडीतच गेला न भाऊ? मंग घ्या गुमान. अन् पिठलं खारट झालं तं बोलू नका, आज माहं लक्ष नव्हतं." ते खाली मान घालून जेवले. जेवताना त्यांचे खांदे हलत होते… मी पाहिले आणि दृष्टी वळवली.

पुढे पुष्कळ दिवसांनी ते देवळाच्या ओट्यावर येऊन बसले आणि आपण होऊन म्हणाले, "महाराज, इतकी वर्सं झाली, किती जीव गेले माह्या गाडीत. रडणारे आपल्या मानसाले घेऊन जातात, मी गाडी धुतो अन् घरी जातो. बायको म्हणते, जेवा. कसं जेवू? तुमच्या घरी पह्यल्यांदा कोणी मले दुखात धरलं." मी त्यांना विचारले, आजवर दुसऱ्या कोणाला हे सांगितले होते काय? ते हसले. "दारू पाजणारे लय भेटतात, महाराज. भाकर चारणारं कोणी भेटत नाही."

तेव्हापासून त्यांनी एक रीत धरली. कोणत्याही गाडीवर वाईट फेरी झाली, अपघातातला माणूस वाटेत गेला, किंवा कोणाच्या विहिरीतून कोणाला काढावे लागले, की युसुफभाई डबा घेऊन त्या सहकाऱ्यापुढे उभे राहत. पिठलं आणि ज्वारीची भाकर, दुसरे काही नाही. डबा उघडायचा, शेजारी बसायचे, आणि तो खाईपर्यंत उठायचे नाही. बोलला तर ऐकायचे, न बोलला तरी बसायचे. 'विसरून जा' हे शब्द त्यांनी वर्ज्य ठरवले होते. एकदा नगरपरिषदेच्या अग्निशमन दलातला एकजण सहज ते बोलून गेला, तेव्हा युसुफभाई म्हणाले, "तू तुह्या लग्नाचा दिवस इसरून दाखव आधी. मंग याले सांग." तो म्हणाला, "चाचा, लग्न इसराचंच पाहून राह्यलो, बायको इसरू देत नाही." सगळे हसले, आणि ज्याच्यासाठी जमले होते तोही हसला. शोकाच्या जागी हसू येणे अशोभनीय मानावे, अशी माझी जुनी समजूत होती. त्या दिवशी ते हसू मला अभद्र वाटले नाही.

आता विलासविषयी. तो त्याच गाडीवर मदतनीस. रुग्णाशेजारी बसायचे, प्राणवायूची नळी धरायची, हात धरायचा. वडील लवकर वारले. घरी आई, बायको आणि नुकतीच जन्मलेली मुलगी. कापूस वेचणीच्या दिवसांत एका खेड्यावरून फोन आला. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खेळत असलेल्या लहान मुलीला साप चावला होता. इथल्या दवाखान्यात लस देऊन तिला पुढे मोठ्या दवाखान्यात न्यायचे ठरले. वाटभर ती विलासच्या मांडीवर होती, आणि वाटेतच तिने मान टाकली. आईबाप शेजारीच बसलेले. विलास म्हणे त्यांना काही बोललाच नाही. दवाखाना येईपर्यंत तसाच तिला हलवत, थोपटत राहिला.

युसुफभाईंनी आपल्या रीतीप्रमाणे डबा बांधून घेतला आणि विलासच्या घरी नेला. आणि इथे त्यांच्या हातून चूक झाली. ही चूक प्रेमापोटीच होऊ शकते. दवाखान्याच्या आवारात ज्या डब्याला कोणी हरकत घेतली नव्हती, तो डबा त्यांनी नांदत्या घराच्या, बाळंतिणीच्या घराच्या उंबऱ्यात नेला होता. विलासच्या आईने झाकण उचलले, पिठलं-भाकरी पाहिली, आणि डबा कशाचा आहे हे त्या माउलीला तत्काळ उमगले. "कडू घास? माह्या घरी कोण मेलं रे? पाळण्यात लेकरू आहे माह्या, दिसत नाही तुले?" डबा अंगणात पडला. युसुफभाईंनी भाकरी वेचून घेतली, माफी मागितली आणि परतले. त्यानंतर विलास कामावर येईनासा झाला. कळले ते असे, की तो आपल्या मुलीला हात लावत नव्हता. बायकोने मांडीवर दिली तर उठून जाई. म्हणे, माझे हात चांगले नाहीत.

ते मला सांगायला युसुफभाई आले तेव्हा दुपारची वेळ होती आणि मी पाठ करीत होतो. पाठ संपेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "महाराज, एक इचारतो. परक्याचं लेकरू हातात गेलं तं सुतक लागते का?" मी माझ्या अध्ययनाप्रमाणे उत्तर दिले. नात्यात नसलेल्या मृताला स्पर्श झाला तर स्नानाने शुद्धी होते. इतकेच नव्हे, ज्याला कोणी नाही अशा मृताला जो वाहून नेतो त्याचे पाऊलन् पाऊल यज्ञासमान मानले आहे. विलासला दोष नाही, सुतक नाही.

"आंघोळ?" ते म्हणाले. "आंघोळीच करून राह्यला तो दिसभर. हात घासून घासून सोलले त्याचे. आंघोळीनं जात असतं तं मी कायले आलो असतो तुमच्याकडं?" ते पुढे बोलू लागले. "आमच्यात तीन दिवस दुख धरतात. तुमच्यात तेरा. मंग मानसं येतात, तोंड गोड करतात, उठवतात त्याले. याच्या नोकरीत काहीच नाही. ज्या दुखाले सुरुवातच नाही दिली, ते सरन कसं? याले थोडं सुतक देऊन टाका न महाराज."

"युसुफभाई, सुतक म्हणजे काही प्रसादाची वाटी नव्हे, मागेल त्याला द्यायला," मी म्हणालो.

"मंग जे देता येते ते द्या."

मी त्यांना उद्या या म्हणून सांगितले. त्यांचा प्रश्न मला उद्धट वाटला नाही. तो विचारपूर्वक विचारलेला प्रश्न होता, आणि त्याला विचारपूर्वकच उत्तर देणे प्राप्त होते. शास्त्रात नसलेले सुतक मी निर्माण करू शकत नव्हतो. परंतु आपल्या पूर्वजांनी तर्पणाच्या शेवटी एक ओंजळ राखून ठेवली आहे. आपले आप्त असोत वा नसोत, ज्यांना पाणी द्यायला कोणी उरले नाही, त्या सर्वांसाठी ती ओंजळ असते. आयुष्यभर मी ती उच्चारीत आलो होतो. विलासचे वडील निवर्तलेले असल्याने त्याला तर्पणाचा अधिकार होताच. ती ओंजळ त्याची होती. फक्त तिचा मार्ग कोणी त्याला दाखवला नव्हता.

आधी त्याच्या आईकडे जाणे आवश्यक होते. मी गेलो. माउलीने पाट मांडला, पाणी दिले आणि स्पष्ट सांगितले, "महाराज, तुमी म्हणान ते खरं. पण तो डबा माह्या उंबऱ्यात नाही." मी म्हटले, योग्यच आहे तुमचे. घास देवळाच्या ओट्यावर खाऊ द्या. तिथून तो स्नान करून, गुळाचा खडा तोंडात घालूनच घरी येईल. तिने बराच विचार केला. "देवळात खाऊ द्या मंग. देवाले काय कमी-जास्त होते?" आणि पाठीमागून हाक मारून म्हणाली, "त्या मुसलमान भावाले सांगजा, माह्यं तोंड लय वाईट आहे. मनात धरू नका म्हणा."

अमावास्येला निर्गुडा नदीच्या काठी विलासला घेऊन गेलो. युसुफभाई काठावर दोघांच्या चपला सांभाळत उभे. मी मंत्र म्हटले, विलासने वडिलांना, आजोबांना पाणी दिले, आणि मग त्या शेवटच्या ओंजळीपाशी आल्यावर मी त्याला सांगितले की आता ज्याला द्यायचे असेल त्याचे नाव मनात आण. तो म्हणाला, "तिचं नाव मले माहीतच नाही, महाराज." मी म्हणालो, पाण्याला नाव लागत नाही. तेव्हा त्याचा बांध फुटला. त्यानंतर आम्ही ओट्यावर आलो. कुंदाताई भाकरी घेऊन आल्या होत्या. त्याने खाल्ली, गूळ खाल्ला, आणि त्या मुलीविषयी प्रथमच बोलला. तिच्या मुठीत कापसाचे बोंड होते, ते शेवटपर्यंत सुटले नाही, असे त्याने सांगितले.

एवढ्याने तो बरा झाला, असे लिहीन तर तो वाचकांप्रति अपराध ठरेल. झोप अजून लागत नव्हती, हात घासणे थांबले नव्हते. मी म्हणालो, जप द्यावा का? युसुफभाई म्हणाले, "जप द्या, महाराज. पण यवतमाळले मनाचे डॉक्टर आहेत, तिथं बी नेतो त्याले. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड आहे एवढं मी सांगू शकतो. ते इंजिन खोलाचं काम मिस्त्रीचं." विलास कुरकुरला, "चाचा, लोक मले पागल म्हणतीन." "म्हणू दे. मले तं लोक आत्ताच म्हणतात, तुह्यासंगं राहून." आपल्या सुट्टीच्या दिवशी ते त्याला एसटीने नेत आणि परत आणत. असे कितीतरी महिने चालले. आणि एके सकाळी विलासच्या आईने निरोप धाडला. निरोपात एवढेच होते, की त्याने पोरीला आपणहून पाळण्यातून उचलले.

पुढे तो गाडीवर परतला आणि ओट्यावरची बैठक स्थिर झाली. गाडीवाले, अग्निशमनवाले, कधी ठाण्याचा एखादा हवालदार, कधी खाणीच्या बचाव पथकातला कोणी. जात, धर्म, हुद्दा कोणी विचारत नसे. आज कोणाचा घास आहे एवढेच विचारत. युसुफभाईंवरही पाळी येई. तेव्हा ते टाळाटाळ करीत, आणि कुंदाताई कमरेवर हात ठेवून म्हणत, "दुसऱ्याले चारता तवा मोठे गुरू. आपल्या टाइमाले भूक नाही म्हणे! बसा खाली." मग ते आज्ञाधारकपणे बसत. मी पुष्कळ विद्वान पाहिले, पुष्कळ साधक पाहिले. देण्याइतक्याच सहजतेने घेणारे त्यांत थोडे. युसुफभाई त्या थोड्यांतले होते.

असे हे युसुफभाई गेले. दफनाला गाव लोटले. विलासने खांदा दिला, मूठभर माती दिली, आणि तिथून घरी जाऊन दार लावून घेतले. फोन बंद. ओट्यावर आम्ही जमलो, तो आला नाही. यवतमाळच्या डॉक्टरांकडे न्यावे म्हणून कुंदाताई जाऊन आल्या. तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. युसुफभाईंच्या घरी भेटीस गेलो तर पडद्याआडून भाभींनी, त्यांच्या पत्नीने, पहिला प्रश्न केला तो हाच, "महाराज, विलास जेवला का?"

मग एका सकाळी विलासची आई देवळात आली. आजवर ती दर्शनाला येई ती लांबूनच हात जोडून जाई. त्या दिवशी माझ्या पुढ्यात बसली. म्हणाली, "पोरगं अन्नाले शिवत नाही. तुमी सगळे माह्या घरी या, महाराज. घास घेऊन या." मी तिच्याकडे पाहिले. तिने मान खाली घातली नाही. आपण आपल्या उंबऱ्यात काय बोलावीत आहोत, हे ती पूर्ण जाणून होती.

आम्ही गेलो. कुंदाताई, अग्निशमन दलातला तो एकजण आणि मी. जमिनीवर बसलो. कुंदाताईंनी भाकरी पुढे ठेवली. विलास उठून बसला आणि म्हणाला, "मी आता गाडीवर नाही चढत. जमत नाही मले. चाचानं इतकं केलं माह्यासाठी, पण नाही जमत."

माझ्या मनात क्षणभर आले, की युसुफभाईंनी एवढ्या वर्षांच्या कष्टाने उभे केलेले घर आज पडले काय? तेवढ्यात कुंदाताई म्हणाल्या, "नको चढू. आमी काय गाडी वाचवाले आलो का इथं? खा तू. थंडी होऊन राह्यली भाकर."

विलासने तुकडा मोडला. तो हातातच धरून तो बोलू लागला. गाडीत काय घडले ते त्याने तोवर कोणालाही, अगदी भाभींनाही सांगितले नव्हते. तो म्हणाला, "चाचा मागं झोपून होते तरी ड्रायव्हरले ब्रेक शिकवून राह्यलते. मंग त्यायनं माहा हात धरला. म्हणे, विलास, हात सोडू नको. मी म्हणलं, नाही सोडत चाचा. थोड्या टाइमानं डोळे मिटून म्हणे… सोडला तरी चालते आता. थकला असशीन तू."

आणि त्याने तो घास तोंडात घातला.

दाराच्या चौकटीशी उभी असलेली त्याची आई पदराने डोळे टिपत आत गेली. अग्निशमनवाला वर आढ्याकडे पाहत होता. मी मनात रामनाम घेतले. त्याहून अधिक काही करण्याची माझी योग्यता त्या क्षणी नव्हती. विलास सगळी भाकर खाऊन उठला. भाभींना त्या शेवटच्या शब्दांची अमानत पोचती करण्यासाठी तो त्याच दिवशी त्यांच्याकडे गेला. यवतमाळच्या डॉक्टरांकडे त्याचे जाणे पुन्हा सुरू झाले आहे. गाडीवर तो परत गेला नाही. दवाखान्याच्या औषधभांडारात काम मिळते का ते पाहतो आहे, आणि तोवर तुरीच्या शेतात आईला हात देतो. कोणी त्याला परत ये म्हणत नाही. ओट्यावर मात्र तो येतो. कुणाचा घास असला की आधी येऊन सतरंजी अंथरतो. परवा एका नव्या चालकाने त्याला विचारले, "तुमी कोनत्या गाडीवर?" विलास म्हणाला, "कोनत्याच नाही. बस तू, जेव."

वाचकहो, आपल्या दारावरून भोंगा वाजवत गाडी जाईल तेव्हा आत निजलेल्या जिवासाठी आपण हात जोडतोच. त्याच्या उशाशी बसलेल्यासाठीही एकदा जोडा. आपल्या घरची चूल अखंड पेटती राहो, आपल्या लेकराबाळांना दीर्घ आयुष्य लाभो, आपल्या अंगणात येणाऱ्या थकल्या माणसाला बसायला जागा आणि खायला भाकर देण्याइतके सामर्थ्य व तितकीच करुणा प्रभू आपल्या कुळाला देवो. आणि कधी कडू दिवस आलाच, तर घास घेऊन येणारा कोणीतरी आपल्या दाराशी असो. कल्याणमस्तु.